कवंद, वाकळ आणि अलाबामाचं हाऊसटॉप: एकजुटीची एक गोधडी शिवायची कशी

कृष्णवर्णीयांची आणि आपल्यासारख्या गहुवर्णीयांची एकजूट दाखवायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भिंतीवरची चित्रं येतात. एकमेकांत गुंफलेले दोन रंगांचे हात, वर उचललेल्या मुठी, मागे सूर्य. असं चित्र वाईट नाही, पण बेळगाव-खानापूर-हल्याळ या पट्ट्यात ते थोडं परकंच वाटतं. इथं हा विषय मांडायला जास्त जवळची वस्तू आधीपासून घराघरांत आहे. मराठी घरांत ती वाकळ किंवा गोधडी, कन्नड घरांत कौदी आणि सिद्दी घरांत कवंद.

सिद्दी लोकांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आणलेले. पोर्तुगिजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी पुष्कळ जण निसटून घाटाच्या रानात आले आणि हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, खानापूर या भागात त्यांच्या वाड्या झाल्या. कोकणी, मराठी, कन्नड, उर्दू या सगळ्या भाषा त्यांच्या बोलण्यात मिसळलेल्या आहेत. एकाच समाजातली, एकमेकांच्या सोयरिकीतली ही माणसं. तरी उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 मध्ये मिळाला आणि बेळगाव-धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना त्यासाठी 2020 उजाडावं लागलं. जिल्ह्याच्या एका रेषेनं माणसाचं काय होतं, हे सीमाभागातल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

या कामाला एक धागा लिखाणातूनही मिळतो. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. डॉ. आंबेडकर 1925 मध्ये आपल्या निपाणीत बहिष्कृत परिषदेला आले होते. त्यांनीच 1946 मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती किती सारखी आहे ते मांडलं, आणि ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव घेऊन. कापडाचा धागाही असाच लांबवर जातो. सिद्दी बायकांची कवंदं 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये प्रदर्शनात मांडली गेली.

दुसरं टोक आहे अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं जीज बेंड. अलाबामा नदीच्या वळणात वसलेलं, आधीच्या कापसाच्या मळ्यातल्या गुलामांच्या वंशजांचं हे गाव. इथल्या बायका झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या करत आल्या. तिथल्या मिसुरी पेटवे यांनी 1942 मध्ये, नवरा वारल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची एक गोधडी शिवली, ती आज जगभर ओळखली जाते. साठच्या दशकात मतदारयादीत नाव घालायला नदीपलीकडे जाणाऱ्या या लोकांची होडी बंद केली गेली. 1966 मध्ये त्या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली. गोधडी विकून आलेला पैसा स्वतःच्या हातात, हा त्यामागचा विचार.

आता कामाकडे येऊ. या दोन्ही कलांमध्ये एक फरक असा आहे की त्यावर अख्खी गोधडी उभी राहते. कवंद कडेपासून आत शिवत जातात. एका कोपऱ्यातून सुरुवात, कडेकडेनं फेरी, मग तिच्या आत दुसरी, असं करत शेवटी मध्यात येऊन थांबायचं. जीज बेंडचं ‘हाऊसटॉप’ याच्या बरोबर उलट. मध्यात एक चौकोन, त्याला चारही बाजूंनी पट्ट्या, मग आणखी पट्ट्या, असं ते बाहेर वाढतं. म्हणून एकाच अस्तरावर बाहेरून कवंद आत येऊ द्यावं, आतून हाऊसटॉप बाहेर येऊ द्यावं आणि दोघांची गाठ मधल्या फेरीत पडू द्यावी. चित्र काढायची गरजच उरत नाही, बांधणीतच अर्थ येतो. अडचणही तिथंच आहे. गाठीची फेरी बिघडली की सगळी गोधडी फुगते. पुढचं बरंचसं लिखाण त्या एका फेरीसाठी आहे.

माप 60 इंच बाय 60 इंच धरू. बाहेर 15 इंच रुंदीचा कवंदाचा भाग, म्हणजे पाच-पाच इंचांच्या तीन फेऱ्या. आत 30 इंचांचं हाऊसटॉप. आयताकृती करू नका. हाऊसटॉप चौकोनी वाढतं आणि लांबट गोधडीत दोन बाजूंना कवंद जास्त, दोन बाजूंना कमी होतं. मग बघणाऱ्याला एक कला दुसरीची किनार वाटायला लागते. तेच टाळायचंय.

अस्तराला एक सुती साडी लागते. साडीचा पन्हा साधारण 45 इंच, लांबी साडेपाच मीटर. तिचे 66 इंचांचे दोन तुकडे कापून बाजूला बाजू जोडायचे आणि त्यातून 64 इंचांचा चौकोन काढायचा. चार इंच जास्त ठेवलेत ते कडेच्या दुमडीसाठी. जोडण्याआधी काठ कापून टाका. इरकलीचा काय किंवा वडगाव-शहापूरच्या मागावरच्या साडीचा काय, काठ अंगापेक्षा घट्ट विणलेला असतो आणि धुतल्यावर दोन्ही सारखे आटत नाहीत. काठ ठेवून जोडलं तर पहिल्याच धुण्यात मधोमध उभी झालर उठते. शिवाय जरीतून सुई जात नाही. तो काठ फेकू नका, हाऊसटॉपच्या बाहेरच्या पट्ट्यांना उपयोगी पडतो. फक्त जर नसलेला बघून घ्या.

मधल्या भरीला जुनं धोतर किंवा मऊ झालेली साडी, एक थर पुरे. बेळगावच्या थंडीसाठी पांघरायची असेल तर दोन. तीन केलेत तर टाका खालच्या थरापर्यंत पोचत नाही, वरून गोधडी सुंदर दिसते आणि मागून अस्तर पिशवीसारखं लोंबतं. भर बरोबर 60 इंचांवर कापा. ती कडेच्या दुमडीत गेली तर कड दोरखंडासारखी जाड होते.

वरच्या तुकड्यांचा हिशेब असा. कवंदाच्या भागाला पाच-पाच इंचांचे तयार तुकडे सव्वाशेच्या आत लागतात. दुमडीसकट प्रत्येक तुकडा सहा इंचांचा कापायचा, म्हणजे 45 पन्ह्याचं अडीच-तीन मीटर कापड होतं. पण एकाच कापडाचं करू नका. अंगावर वापरून मऊ झालेलं कापडच इथं खरं. सदरा, लेंगा, परकर, चोळखण, शाळेचा गणवेश, सगळं चालतं. चार कपडे मात्र टाळा. पॉलिस्टर आटत नाही, शेजारचं सुती आटतं, आणि तुकडा फुगून उभा राहतो. बनियनसारखं विणीचं कापड ताणतं. कडक नवं कापड खळ असेपर्यंत शहाण्यासारखं वागतं, खळ गेली की तिरकं होतं. आणि जीन्सची शिवण. जीन्सचं कापड जरूर घ्या, जीज बेंडच्या गोधड्यांचा तो जीव आहे, पण तिच्या जाड शिवणी कापून टाका. सहा पदरांवर सुई मोडणारच.

सगळं कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवून, धुऊन, वाळवून मगच कात्री लावा. रंग जातो का ते बघायची सोपी रीत म्हणजे ओल्या पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यानं कापड दोन मिनिटं चोळायचं. काळा, गडद लाल आणि निळा, हे तीन रंग हमखास तपासा. मीठ घातल्यानं आजच्या कपड्यांचा रंग पक्का होत नाही. तीन पाण्यांनंतरही रंग सुटत असेल तर तो तुकडा बाजूला ठेवा, कितीही आवडला तरी. पांढऱ्या दोऱ्यात तो रंग चढला की परत येत नाही.

दोरा सुती, दुहेरी. टाक्यांच्या ओळी अर्धा इंच अंतरानं घातल्या तर 60 इंचांच्या 120 ओळींइतका, म्हणजे 183 मीटर टाका होतो. वरखाली जाण्यात आणि गाठींत पाचवा हिस्सा जास्त धरला की 220, आणि दुहेरी म्हणून 440 मीटर. एकाच दुकानातून, एकदमच घ्या. मध्येच रीळ संपलं तर पांढऱ्यातही छटा बदलते आणि फेरीत ती ओळ उठून दिसते. एका वेळी दीड हातापेक्षा लांब दोरा ओवू नका, जाता-येता घासून तो विसकटतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढला की गुंता निम्मा होतो. सुई दोन-अडीच इंची, गोधडीची. दाभण नको. त्याचं भोक कापडात राहतं आणि पुढं तिथूनच चिरतं. मधल्या बोटाला अंगुस्तान घातल्याशिवाय बसू नका.

कवंदाच्या भागाला आधी तुकडे जोडून मग थरांवर ठेवायचे, असं करत नाहीत. तुकडा थेट थरांवर शिवला जातो. त्यामुळे जोडणं आणि गोधडी भरणं एकाच टाक्यात होतं. जमिनीवर अस्तर उलटं अंथरा, त्यावर भर. अस्तराची दोन इंच कड भरीवर दुमडून घ्या. एका कोपऱ्यात पहिला तुकडा ठेवा, त्याच्या चारही बाजू अर्धा-अर्धा इंच आत दुमडून. बाहेरची दुमड अस्तराच्या कडेशी बरोबर जुळली पाहिजे. मग कडेपासून पाव इंचावर धावदोरा घालत पुढं. दुसरा तुकडा पहिल्याच्या शेजारी, दुमडलेली बाजू पहिल्यावर पाव इंच चढवून. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, तिन्ही थरांतून. दर वीतभर झालं की हात खाली घालून मागं टाका आला का ते चाचपा. सरावलेल्या सिद्दी बायका डाव्या तळव्यानं थर सारखे करत जातात, त्यांना कच्च्या टाक्याची गरज पडत नाही. नवख्यांनी मात्र मध्यापासून चारी बाजूंना वीत-वीत अंतरावर कच्चा टाका घालूनच सुरुवात करावी.

ओळी कडेला समांतर राहतात आणि कोपऱ्यात वळतात. ही वळणं म्हणजेच कवंदाची ओळख. काहीजण वेळ वाचवायला सगळीकडे सरळ उभ्या ओळी घालतात. तसं केलं की ती चांगली गोधडी होते, पण कवंद राहत नाही. मोठ्या तुकड्यांवर मध्येमध्ये झगझगीत कापडाचे इंचभराचे छोटे चौकोन लावतात, त्यांना टिकेली म्हणतात. कॅथलिक सिद्दींच्या कवंदांत क्रूस, मुसलमान सिद्दींच्या कवंदांत चंद्रकोर सापडते. ती त्यांची खूण आहे. आपण नुसती शोभा म्हणून ती उचलू नये. शिवणारीच घालत असेल तर तिचा तो हक्क.

आता हाऊसटॉप. हे वेगळं, मांडीवर घेऊन जोडायचं. मधला चौकोन साडेसहा इंचांचा कापा, शिवल्यावर तो सहाचा होतो. पट्ट्या अडीच इंच रुंद, शिवल्यावर दोन इंच. प्रत्येक शिवणीत पाव इंच माया. एका फेरीत चार पट्ट्या आणि चौकोन चार इंचांनी वाढतो: सहा, दहा, चौदा, अठरा, बावीस, सव्वीस, तीस. सहा फेऱ्यांना एकूण सव्वाअकरा मीटरच्या आसपास पट्टी लागते. पट्ट्या कापडाच्या उभ्या धाग्यावर कापा. तिरक्या कापल्या तर त्या ताणतात आणि चौकोन ताटासारखा खोल होतो. प्रत्येक फेरीनंतर चारही बाजू आणि दोन्ही कर्ण टेपनं मोजा. 14 इंचांच्या चौकोनाचा कर्ण 20 इंचांना किंचित कमी यायला हवा, 26 इंचांच्या चौकोनाचा पावणेसदतीसला किंचित जास्त. दोन कर्णांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक दिसला की शेवटची फेरी उसवा. पुढच्या फेरीत तो भरून निघेल असं वाटतं, पण तो वाढतच जातो. जीज बेंडच्या गोधड्यांत पट्ट्या वाकड्या दिसतात हे खरं. तो वाकडेपणा नजरेनं ठरवलेला असतो आणि तरीही गोधडी सपाट पडते. न मोजल्यामुळे आलेला वाकडेपणा वेगळा.

पाच फेऱ्या करून 26 इंचांवर थांबा. सहावीची पट्टी कापूही नका.

इथं गाठीची फेरी येते. धावदोरा कापड आक्रसून घेतो, 60 इंचांत इंच-सव्वा इंच सहज. कडेपासून आत शिवत आलात की बाहेरची फेरी लहान झालेली असते आणि मधलं न शिवलेलं कापड तेवढंच राहिलेलं असतं. मग मध्यात पोट सुटतं. मध्यापासून बाहेर शिवलं तर उलटं होतं, मध्य घट्ट आणि कड झालरीसारखी. आपण दोन्हीकडून येतोय, म्हणून सैल कापड दोघांच्या मध्ये जमा होतं. त्याला वाट करून द्यायची.

कवंदाच्या तीन फेऱ्या पुऱ्या करा. आतली मोकळी जागा मोजा. ती तीस भरणार नाही, 29 किंवा साडेएकोणतीस येईल, आणि चार बाजू सारख्याही नसतील. आता भरीचं पोट सुटलंय का बघा. सुटलं असेल तर फक्त भरीला मध्यात अधिक चिन्हासारखा छेद द्या, कडा पाव इंच एकमेकांवर चढवा आणि सैल हातानं टाचून टाका. अस्तराला कात्री लावायची नाही. मग 26 इंचांचा चौकोन मध्यावर ठेवा, आधी मध्यापासून चार कोपऱ्यांकडे कच्चा टाका आणि त्यानंतर धावदोरा मध्यापासून बाहेर, पट्ट्यांना समांतर. मध्यात ओळी अर्ध्या इंचाऐवजी पाऊण सेंटिमीटरवर घेतल्या तर चालतं, कारण दाट टाका जास्त आक्रसतो आणि अस्तराचा ढिलेपणा पिऊन टाकतो. पाचव्या पट्टीच्या बाहेरच्या कडेपाशी थांबा. आता चौकोन आणि कवंद यांच्यामध्ये चारही बाजूंना दीड-दोन इंचांची उघडी वाट राहिली असेल, आणि तिच्यात अस्तराची थोडी लाट. ती लाट एकशेदहा इंचांच्या घेरात बोटांनी पसरवा, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवा. सुती कापड तेवढ्यानं बसतं.

सहावी पट्टी आता कापायची, प्रत्येक बाजूची वेगळी, त्या बाजूच्या मापानं. आतली बाजू हाऊसटॉपला जोडायची आणि बाहेरची पाव इंच दुमडून कवंदाच्या तुकड्यांवर चढवायची. काही जागी उलटं करा: कवंदाचा तुकडा पट्टीवर चढू द्या. नुसती पट्टीच सगळीकडे वर राहिली तर हाऊसटॉप चौकटीत बसवल्यासारखं दिसतं. वरखाली, वरखाली असं झालं की सांधा शोधावा लागतो. ही फेरी एकीनं शिवू नये. एक कवंदाच्या बाजूनं, दुसरी हाऊसटॉपच्या बाजूनं, समोरासमोर बसून. दोघींच्या हाताचा ताण वेगळा असतो. जिचा हात घट्ट, तिनं दर पाच टाक्यांनी दोरा सोडून कापड सरळ करावं.

अक्षरं घालायची असतील तर कवंदाच्या मधल्या फेरीत तीन बाजूंना तुकड्यांऐवजी एकेक सलग पट्टा घ्या. अक्षरं पट्ट्यावर आधी लावून घ्यायची, मग पट्टा थरांवर. शब्द थोडा ठेवा. मराठीत यासाठी एक शब्द आयता आहे, ‘आपण’. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. कन्नडमध्ये ‘नावु’, कन्नड लिपीतच. तिसऱ्या बाजूला जीज बेंडच्या भाषेतलं, म्हणजे इंग्रजीतलं ‘वी’ (We), रोमन लिपीत. आपल्या भागात पाटीवरच्या लिपीवरून किती वर्षं काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून दोन्ही लिप्यांची उंची टेपनं मोजून सारखी ठेवा. चार इंच उंची, रेघेची रुंदी अर्धा इंच. याहून बारीक अक्षर दुरून उठून दिसत नाही.

देवनागरीला शिरोरेषा असल्यामुळे काम सोपं. एक सरळ पट्टी आडवी लावली की काने आणि उभे दांडे तिच्याखाली टांगल्यासारखे बसतात. त्रास देतो तो ‘आ’चा पोटातला बाक. कन्नड अक्षरं जवळपास सगळीच गोल, त्यांना सरळ कापलेली पट्टी वळत नाही, सुरकुत्या पडतात. तिथं उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेली पट्टी हवी: इंचभर रुंद, दोन्ही कडा पाव-पाव इंच आत दुमडून इस्त्री केलेली. वळणावर आधी आतली कड तुरपाईनं पक्की करा, मग बाहेरची. बाहेरची आधी शिवली तर आतल्या कडेला जास्तीचं कापड उरतं आणि त्याच्या चुण्या पडतात, त्या कितीही दाबल्या तरी जात नाहीत. पॉलिस्टरच्या उरेब पट्टीवर इस्त्रीची घडी टिकत नाही, तेव्हा इथंही सुतीच.

चेहरे, मुठी, झेप घेणारा पँथर असं काही कापून लावायचा मोह होतो. माझ्या मते नको. 60 इंचांत दोन बांधण्या, तीन लिप्या पुष्कळ झाल्या. काही हवंच असेल तर सिद्दींचा दमाम हा ढोल बघा. गोल, सोपा, आणि दुरून ओळखू येणारा.

मजुरीचं आधीच बोला. सरावलेली बाई तासाला दहा-बारा फूट टाका घालते, म्हणजे नुसत्या धावदोऱ्याचे पन्नास-साठ तास होतात. तुकडे, हाऊसटॉप, अक्षरं वेगळी. सिद्दी वाडीतल्या बायका काम करणार असतील तर हा हिशेब कागदावर मांडून, तासावर मोबदला ठरवून, अर्धे पैसे सुरुवातीला द्या. भातलावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत हे काम मागू नका. एकजुटीची गोधडी फुकट किंवा आभारावर करून घेणं हा त्या शब्दाचाच अपमान आहे. सिद्दी हात लागलेला नसेल तर विकताना किंवा मांडताना ‘सिद्दी कवंद’ म्हणू नका, ‘कवंदाच्या पद्धतीनं’ म्हणा. कवंद शिकवणारीचं नाव मात्र तरीही लिहा, ती हो म्हणाली तर. नावांसाठी मागच्या कोपऱ्यात मलमलचा चार बाय सहा इंचांचा तुकडा लावा आणि नावं बखियानं भरा. शाई दोन-चार धुण्यांत पुसट होते. नावं शिवणाऱ्या सगळ्यांची, एकाच आकारात.

फुलं सगळ्यात शेवटी. कवंदाच्या चारही कोपऱ्यांना घडीचे त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात. ती नसतील तर कवंद उघडं-नागडं, असं सिद्दी बायका मानतात. चार इंची चौकोन कोपऱ्याला कोपरा जुळवून एकदा दुमडा, पुन्हा एकदा दुमडा, की चार इंच पाया आणि दोन इंच उंचीचा त्रिकोण होतो. असे दोन-तीन, वेगळ्या रंगांचे, थोडे मागेपुढे सरकवून कडेच्या दुमडीत पायाकडून अर्धा इंच आत खोचा आणि दोन ओळींनी पक्के करा. एकाच ओळीवर सोडलेलं फूल उचलताना हातात येतं, कारण गोधडी सगळे कोपऱ्यालाच धरून उचलतात.

भिंतीवर लावायची तर कड्या शिवू नका, दोन कड्यांमधलं कापड झोळी धरतं. मागच्या वरच्या बाजूला चार इंच रुंदीची आडवी नळी शिवा आणि तिच्यातून बांबूची काठी घाला. वजन दीड-दोन किलोपर्यंत जातं. खानापूरकडच्या पावसात भिंतीला चिकटून राहिली तर मागं बुरशी धरते, म्हणून काठीच्या टोकांना लाकडाचे तुकडे लावून बोटभर अंतर ठेवा, आणि जून ते सप्टेंबर उतरवून गुंडाळून ठेवली तर सगळ्यात बरं. घडी नको, घडीवर दोरा तुटतो. घटस्थापनेआधी घरातलं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं, तेव्हा हीही धुवायला हरकत नाही: थंड पाणी, साधा साबण, आपटायचं नाही, पिळायचं नाही. दोघींनी चार कोपरे धरून पाणी निथळू द्यायचं आणि सावलीत, दोन दोऱ्यांवर आडवी पसरून वाळवायची. एकाच दोरीवर टाकली तर ओल्या वजनानं मधली गाठीची फेरीच आधी उसवते.